गढीचा अडसर कुणी लावला?

या सदरात लिहिणारे बहुतेक जण ‘माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता’ अशी सुरुवात करतात, आणि शेवट येईपर्यंत तो बसलेला असतो. माझा आधी नव्हता, आताही नाही. तरी लिहितेय, कारण जे घडलं त्याबद्दल गावात नको नको त्या गोष्टी पसरल्या आहेत. एकदा नीट सांगून टाकावं म्हटलं. पुढं ज्यांना हसायचं त्यांनी हसावं.

विश्वास का नाही, तेही सांगते. मी औसा तालुक्यातली. भूकंपात आमचं घर बसलं... माळवदाचं घर, वर हातभर मातीचा थर, खाली लाकडं. आई-वडील आणि धाकटा भाऊ त्याखाली गेले. मी लातूरला शिकायला होते म्हणून राहिले. त्या पट्ट्यात एकाच पहाटे किती माणसं गेली ते इथं सांगायला नको. भुतं असती तर आधी तिथं दिसली असती. पुढं कित्येक दिवस मी आमच्या ढिगाऱ्यावर जाऊन बसायची. आईनं एक हाक मारावी, एवढंच. कुणी मारली नाही. तेव्हा मला भुतांचं सांगू नका. मी विचारून आलेली आहे.

आता जागा. लातूरहून उदगीरकडं जाताना मुख्य रस्ता सोडून डावीकडं आत गेलं की एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, तिथं अजून मुली राहतात. गावाच्या उंचवट्यावर देशमुखांची गढी आहे. ज्यांनी गढी पाहिली नाही त्यांच्यासाठी — हा किल्लाही नव्हे आणि नुसतं घरही नव्हे. तटबंदी घातलेलं राहतं घर. खाली पुरुषभर उंच काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीचा तट. गावात म्हणतात तटावरून बैलगाडी जायची. बैलगाडीचं काही खरं नाही, पण दोन बाया डोक्यावर घागरी घेऊन शेजारी शेजारी आरामात चालतील. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यातला एक भूकंपात अर्धा खाली आला. तटात जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेल्या फटी, आतून रुंद आणि बाहेरून बोटभर. आमच्या मुली त्यात ओले मोजे वाळत घालायच्या.

दार उत्तरेला. आत शिरलं की सरळ चौकात जाता येत नाही. समोर आडवी भिंत येते आणि वळसा घ्यावा लागतो. दार फुटलंच तरी घोडा दौडवत आत येता येऊ नये, म्हणून. दाराच्या दोन्ही बाजूंना देवड्या — पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. निजामाच्या काळात आसपासच्या गावांचा सारा गोळा होऊन इथं यायचा, आणि त्याच्यावर पहाऱ्याला रोहिले, म्हणजे भाडोत्री पठाण शिपाई, ठेवलेले असायचे. ‘हे दार कधी फुटलं न्हाई’ असं गाव अभिमानानं सांगतं. गढी असलेलं प्रत्येक गाव हेच सांगतं, म्हणून मी ते कधी मनावर घेतलं नाही. मात्र आमच्या स्वयंपाकाच्या जुबेदा खाला सांगायच्या ते खरं असावं. रझाकारांच्या वेळी अर्धा गाव या दाराआड होता, आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर खालांच्या सासऱ्याचं कुटुंब याच दाराआड होतं. त्या म्हणायच्या, “दरवाजा नाव विचारत नाही, मॅडम.”

दार सागवानी, दोन फळ्यांचं, बाहेरून लोखंडी खिळे. उजव्या फळीत छोटा दिंडी दरवाजा, रोजच्या ये-जा करायला. आणि मोठ्या दाराला आतून अडसर. हा अडसर नीट समजून घ्या, सगळं त्याच्यावर आहे. अडसर म्हणजे चौकोनी लाकडी तुळई, दाराच्या रुंदीपेक्षा लांब. ती पश्चिमेच्या भिंतीत केलेल्या खोल भोकात शिरलेली असते. दार लावायचं झालं की तिचं लोखंडी कडं धरून बाहेर ओढायची, दोन्ही फळ्यांच्या मागून, दिंडीच्या जरा वरून, खांद्याच्या उंचीवर सरकवत न्यायची आणि पूर्वेच्या भिंतीतल्या भोकात घुसवायची. मग बाहेरून हत्ती आला तरी दार हलत नाही. पूर्वी हे काम चार गडी करायचे.

भूकंपात पश्चिमेची भिंत खचली. भोकावरचा दगड चिरला आणि सगळा भार घेऊन त्या लाकडावर बसला. तेव्हापासून अडसर भिंतीतच. नुसतं कडं तेवढं बाहेर.

पुढं लातूरात क्लासेसचं पीक आलं. नांदेड, परभणी, बीडची पोरं बॅगा घेऊन उतरायला लागली, शहरात खोल्या मिळेनात. आमच्या क्लासच्या सरांनी देशमुखांकडून गढी भाड्यानं घेतली, आतले सोपे दुरुस्त केले आणि मुलींचं होस्टेल काढलं. मी फिजिक्स शिकवायची आणि रेक्टर म्हणून तिथंच राहायची. पालक आले की आधी वर बघायचे. “दगडाचं हाय का घर?” भूकंपानंतर आमच्याकडं दगडाच्या भिंतीवर कुणाचा जीव ठरत नाही. म्हणून सरांनी ठेकेदार आणून भिंतींना आधार दिले, तेव्हाच अडसर काढायचाही प्रयत्न झाला. तेल सोडलं, जॅक लावला, गडी लटकले. सूतभर हलला नाही. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, हे आता भिंतीचं हाड झालंय. ओढलं तर भिंत येईल.” मग मोठ्या दाराला आतून एक साखळी लावली आणि विषय संपला.

अर्चना देगलूरकडच्या एका गावची. बारावीनंतर मेडिकलचा नंबर हुकला होता, रिपीट करत होती. वय एकोणीस. अबोल, पण एकदा गणित सुटलं नाही तर जेवायला न उठणारी. एका शनिवारी संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली.

“मॅडम, घरी माझं लग्न धरून राहिलेत. उद्या न्यायला येणारेत.”

“तुला करायचंय?”

“न्हाई.”

“मग?”

“मग तुम्ही सांगा की त्यांना.”

मी तिच्या वडिलांना, माधवरावांना, फोन केला. परीक्षा तोंडावर आहे, मुलगी सज्ञान आहे, असं सगळं शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, तुमी शिकवा. लग्नाचं आमी बघतो,” आणि फोन ठेवला. माणूस दुष्ट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते. स्थळ चांगलं आलं होतं, घरात अजून एक धाकटी मुलगी होती, आणि भाऊबंदांसमोर शब्द दिलेला होता.

रविवारी आमची टेस्ट असायची. भर दुपार, मुली आतल्या सोप्यात पेपर लिहीत होत्या. जीप आली. माधवराव, अर्चनाचा मामा आणि अजून पाच-सहा जण. मी दिंडी दरवाज्यात उभी राहिले आणि पोलीस ठाण्यात आधीच फोन केलाय, असं त्यांना सांगितलं.

मामा म्हणाला, “पोलिसाला काय भेवाव? आमची पोरगी हाय. पळवून न्यायला आलो न्हाई.”

“तिला विचारा,” मी म्हणाले.

अर्चना माझ्या मागं येऊन उभी राहिलेली मला कळलंच नव्हतं. हातात पेन तसंच होतं. “पप्पा, मी येत न्हाई,” ती म्हणाली. “परीक्षा झाल्यावर बोला माझ्याशी.”

माधवरावांनी वळून जीपकडं पाहिलं. मला अजूनही वाटतं, तेवढ्यावर ते परत गेले असते. पण मामानं पाय आत टाकला. जुबेदा खाला पिठाच्या हातानं धावत आल्या, त्यांनी मला मागं ओढलं आणि दिंडी त्याच्या तोंडावर लावून कडी घातली.

मग ते मोठ्या दाराला भिडले. खांदे लावून, सगळे मिळून. एकदा... परत एकदा. साखळी ताणली, आणि तिचा कोयंडा लाकडातून उपसायला लागला. मला एकेक खिळा वर येताना दिसत होता. खाला आणि मी दाराला पाठ लावून उभ्या राहिलो. मी पूर्वेच्या फळीला, खाला मधोमध, अर्चना माझ्या शेजारी. पश्चिमेच्या भिंतीजवळ, जिथं ते कडं होतं, तिथं कुणीही नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. मुली चौकातल्या वळणापर्यंत आल्या होत्या, त्यांनीही पाहिलं.

मला भीती वाटत नव्हती, राग आला होता. भूकंपानं माझं घर घेतलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. ही पोर माझ्या ताब्यात होती आणि ती ‘नाही’ म्हणाली होती. माझ्या देखत तिला कुणी उचलून न्यावं हे मला सोसणारं नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, “आत येऊन दाखवा.”

तेव्हा आवाज सुरू झाला. जातं फिरल्यासारखा, घरघर. मला वाटलं भिंत आली. भूकंप पाहिलेल्या माणसाला आधी तेच वाटतं. मी अर्चनाला खाली दाबलं. तितक्यात खाला ओरडल्या, “मॅडम, सरको!” आणि दारापासून उडी मारून बाजूला झाल्या. त्यांच्या खांद्याला काहीतरी ढकलत होतं.

अडसर होता तो.

भिंतीतून बाहेर येत होता. झटक्यानं नाही, सावकाश. थोडा यायचा, थांबायचा, परत यायचा. चार माणसं जड काहीतरी सरकवताना दम घेतात ना, तसं. चिरलेल्या दगडातून माती गळत होती. मी अर्चनाला ओढून बाजूला झाले. आता दाराला कुणाचीच पाठ नव्हती, साखळी तुटली, फळ्या आत आल्या — आणि त्या लाकडावर आपटून थांबल्या. अडसर तसाच पुढं गेला, दुसऱ्या फळीमागून, आणि पूर्वेच्या भोकात शिरला. ठक्. इतक्या वर्षांची माती भरलेलं भोक ते. आतली माती दाबली गेल्याचा आवाजही मी ऐकला.

बाहेरचं ढकलणं थांबलं. मी पश्चिमेच्या भिंतीकडं गेले. अडसराचं मागचं टोक भोकाच्या तोंडाशी जेमतेम टेकलं होतं, त्याच्यावर हात जाईल एवढी काळी पोकळी उरली होती. तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला एकच वाटलं. मागं हटायचं नाही. मी विचारलं, “कोण आहे?” मग मी त्यात हात घातला, खांद्यापर्यंत. दगडाच्या भिंतीतलं भोक गार असायला पाहिजे. ते गार नव्हतं. मघाशीच कुणी उठून गेलेल्या गादीसारखं कोमट होतं. हाताला काही लागलं नाही. नंतर टॉर्च लावून पाहिलं, तर टोकाला घडीव दगड, चुन्यात पक्का बसवलेला. मागून यायला वाट नाही. भिंतीच्या पलीकडं भरीव बुरूज.

तुम्ही म्हणाल, संकटात अंगात बळ येतं. येत असेल. पण कुणाच्या अंगात? त्या लाकडाला तर कुणाचा हातच नव्हता.

पोलीस आले. साहेब समजूतदार होते. दिंडीतून वाकून आत आले, अर्चनाला सगळ्यांसमोर विचारलं, तिनं सांगितलं. ते माधवरावांना म्हणाले, “मुलगी सज्ञान आहे. आता गप घरी जा.” तिथंच संपायला हवं होतं. पण माधवराव म्हणाले, “साहेब, आत गडी हायत. पोरींच्या होस्टेलात गडी ठेवलेत यांनी. दार लावताना सात-आठ जण हुंकार देत होते. आमी सगळ्यांनी ऐकलंय.”

आम्ही आत असून हुंकार ऐकला नव्हता. आम्हाला फक्त घरघर ऐकू आली. साहेबांनी सगळी गढी पाहिली — बुरूज, तळघर, धान्याचं पेव, न्हाणीघर. पुरुष सोडा, पुरुषाची चप्पल सापडली नाही. मग त्यांनी अडसराला हात लावून पाहिला, तिघा शिपायांना ओढायला लावला. हलला नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, “मॅडम, हा तुम्ही लावला?” मी म्हणाले, “नाही.” “मग कुणी?” “मला माहीत नाही.” ते वाकून दिंडीतून बाहेर पडले.

खरी लढाई पुढं झाली. ‘होस्टेलात गडी असतात’ ही बातमी आठवडाभरात पार किनवटपर्यंत गेली. पालक येऊन बॅगा भरायला लागले. क्लासचे सर धावत आले. म्हणाले, “मॅडम, सरळ सांगून टाका, गढीत काहीतरी आहे. रोहिल्याचा आत्मा म्हणा, देशमुखांचा पूर्वज म्हणा. गड्यांपेक्षा भूत परवडलं.”

“मी भूत पाहिलं नाही,” मी म्हणाले.

“अहो, पण अडसर सरकला ना?”

“सरकला. तेवढंच सांगेन.”

चौकात पालकांची मीटिंग झाली. मी उभी राहिले आणि जे घडलं ते घडलं तसं सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. एक आई म्हणाली, “म्हंजी भूत हाय?” मी म्हणाले, “ते मला माहीत नाही. पण माणूस नव्हता, आणि मुलीला तिच्या मनाविरुद्ध कुणी नेऊ शकलं नाही. ज्यांना हे चालत नाही त्यांनी मुली घेऊन जा.” निम्म्या गेल्या. सरांनी होस्टेल शहरात हलवलं. मी गेले नाही. देशमुखांशी स्वतः बोलले आणि उरलेल्या मुली घेऊन तिथंच राहिले. लोक वेडी म्हणाले. म्हणोत.

गावातून कुणी नारळ घेऊन आलं, कुणी चादर चढवू म्हणालं. मी दोघांनाही दारातून परत पाठवलं. तोच ठेकेदार मुद्दाम बघायला आला. बराच वेळ बसून म्हणाला, दाराच्या हादऱ्यानं वरचा दगड उचलला गेला असेल, अडकलेलं लाकूड सुटलं असेल. मी म्हणाले, “सुटलं तर किती सरकेल? हातभर? घर्षण मलाही कळतं. हा अख्खं दार ओलांडून समोरच्या भोकात बरोबर गेलाय.” त्यानं डोकं खाजवलं आणि चहा पिऊन गेला. अडसर तेव्हापासून तिथंच आहे, आता दुसऱ्या बाजूनं अडकलेला. मोठं दार कायमचं बंद, आम्ही दिंडीतून ये-जा करतो. खाला झाडताना त्याच्यावरून ओलं फडकं फिरवतात. म्हणतात, धूळ बसते.

अर्चनाचा त्या वर्षीही एमबीबीएसला नंबर लागला नाही. बीएएमएसला नांदेडला लागला. आता भोकरकडं दवाखाना चालवते. वडील कित्येक वर्षं तिच्याशी बोलत नव्हते.

गेल्या जूनमध्ये सकाळी दिंडीची कडी वाजली. उघडलं तर माधवराव. केस पिकलेले, गुडघ्यानं अधू. मागं ऑटोत एक मुलगी बसलेली, मांडीवर बॅग. ते वाकून आत आले, त्यांनी अडसराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. नमस्कार केला नाही, मीही केला नाही.

“मॅडम, एक इचारू? आता खरं सांगा. त्या दिवशी आत किती गडी होते?”

“एकही नव्हता.”

“मी दाराला कान लावून होतो.”

“मी दाराला पाठ लावून होते, माधवराव. नव्हता.”

ते देवडीच्या कट्ट्यावर बसले. खालांनी पाणी दिलं, ते प्यायले.

“ही धाकटी, वैशाली. अकरावीला हाय. हिलाबी डॉक्टर व्हायचंय. थोरली म्हणाली, ठिवायची तर मॅडमकडंच ठिवा.” तांब्या खाली ठेवत म्हणाले, “गडी असते तर ठिवली नसती. म्हणून इचारलं.”

मला राग यावा की हसू, कळेना. मी म्हणाले, “ऐका. गढीच्या भरवशावर ठेवणार असाल तर घेऊन जा. पुन्हा काही झालं तर काही सरकेल, कुणी येईल, असं मी सांगणार नाही. मी असलं मानत नाही. इथं मी आहे आणि खाला आहेत. बाकी कुणी नाही.”

माधवराव उठले. ऑटोतल्या मुलीला हातानं खुणावलं, ये म्हणून.

“त्या दिवशीबी तुमी दोघीच होता की,” ते म्हणाले.

मी दिंडी पूर्ण उघडली आणि वैशालीची बॅग आत घेतली.